एकही टाका न उसवता

१

ताईताचा एकही टाका उसवलेला नव्हता. तरी ताईतात शिवून ठेवलेल्या कार्डावरून जवळजवळ साठ हजार तेंगे गेले होते.

बोलावणं आलं तेव्हा उल्मेकेन घरात येरझाऱ्या घालत होती. सव्वीस वर्षं धावत्या बसमध्ये उभं राहून तिकिटं फाडलेल्या बाईला म्हातारपणी एका जागी बसवत नाही. त्यात कझाकस्तानातल्या अकताऊचा मार्चमधला वारा. तो समुद्रावरून सुटला की काचा दिवसभर किणकिणत राहतात आणि चहा ओतावा तर गार होईपर्यंत प्यायचं सुचत नाही. दार वाजलं. समोर तिसऱ्या मजल्यावरची शारिपा उभी होती, धापा टाकत.

"चल लवकर. बाल्किया सुनेला घालवून देतेय."

"कुठे?"

"माहेरी. पाच वाजता गाडी येणार आहे. आणि पोर इथंच ठेवून घेणार म्हणे!"

उल्मेकेनने घड्याळ पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. बाल्कियाची नात अजून सात महिन्यांचीही नव्हती.

"यात मी काय करू?"

"काय करू म्हणजे? बसमध्ये पाकीट मारलं गेलं की दारं लावून घ्यायचीस आणि पुढचा थांबा यायच्या आत चोर धरायचीस. आता हात चालत नाहीत का?"

उल्मेकेनने बिनबाह्यांचं जाकीट अंगात चढवलं आणि दोन-दोन पायऱ्या करत वर निघाली, शारिपा तिच्या मागोमाग.

बाल्किया भिंतीशी गादीवर बसली होती, पाठ ताठ, तोंड दगडासारखं. छातीवर तळहाताएवढा त्रिकोणी चामड्याचा ताईत. मुलगा कुआन्दिक दाराशी एका पिशवीत बायकोचे कपडे कोंबत होता, घडी न घालता.

"बघ," म्हणत बाल्कियाने बँकेचा कागद पुढे केला. "सकाळी गेले होते. म्हाताऱ्याच्या थडग्यावरचा दगड सांगितलाय ना, त्याचे आगाऊ पैसे काढायला. कार्ड काढायला नको म्हणून पासपोर्ट घेऊन खिडकीशी उभी राहिले. तर पोरगी म्हणते, आजी, काल तुम्ही तीनदा खर्च केलाय."

काल चौदा मार्च होता, कोरिसूचा दिवस. त्या दिवशी घरोघर जाऊन एकमेकांना उराउरी भेटायचं, वर्षभराचे रुसवे सोडायचे. कागदावर कालच्याच तारखेला तीन ओळी होत्या. दहा बावीस, बारा चाळीस, तीन पंधरा. तिन्ही वेळा एकोणीस हजार नऊशे.

"वीस हजाराला शंभर कमी," उल्मेकेन पुटपुटली. "वीसच्या वर यंत्र पिन विचारतं. त्याच्या आत नुसतं टेकवलं की झालं."

"ते मला काय कळतंय? पैसे कुणाला गेले ते वाच."

उल्मेकेनने कागद लांब धरला. तिन्ही ओळींपुढे एकच नाव होतं: "झान्सायाचे बौरसाक."

आतल्या खोलीत पोर रडायला लागलं. त्याला उगी करणाऱ्या बाईचं नाव झान्साया होतं.

२

स्वयंपाकघरात कालच्या बौरसाकांचा, तळलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, वास अजून होता. झान्साया पोरीला कडेवर घेऊन खिडकीशी उभी होती. डोळे कोरडे, ओठ चावून लाल झालेले.

"उल्मेकेन आपा, तुम्हीपण पिशवी उचलायला आलात?"

"जीभ शाबूत आहे ना, मग बरं झालं. बोल. ते दुकान तुझं?"

"होतं. पोटुशी होते तोवर बाजारात बौरसाक तळून विकायचे. ही झाली आणि बंद केलं. नावाची नोंद तशीच राहिली, काढायला वेळ कुणाला होता?"

"गिऱ्हाईक पैसे कसे द्यायचं?"

"माझ्या फोनवर. मी रक्कम घालायची, गिऱ्हाइकाने पाठीमागून कार्ड टेकवायचं. यंत्र विकत घ्यायला पैसे नव्हते, फोनच यंत्र. झालं की तो थरथरायचा. तेलाच्या आवाजात टिंग ऐकू येत नाही ना."

"तो फोन?"

"काच फुटली. नवा घेतला, जुना डब्यात पडला होता. मग ह्यांनी नेला."

"कुआन्दिकने? कुठे?"

"मी विचारलं नाही. विचारलं तर म्हणतात, फार चौकशा करतेस." झान्सायाने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "आपा, मी म्हाताऱ्या माणसाच्या दगडाचे पैसे खाईन? सासरे मला सून म्हणत नव्हते, लेकरू म्हणत होते."

 उल्मेकेनचा हात सवयीने छातीशी गेला. नोकरीची शेवटची चार वर्षं तिथं तिकिटाचं यंत्र लटकत असे. ते गेलं, तरी काही सुचेनासं झालं की हात तिथंच जायचा.

"ताईत तू शिवलास ना?"

"सासूबाईंनीच सांगितलं. बाजारात एकदा कार्ड हरवलं, तेव्हापासून धसका घेतलाय. लाल दोरा, दुहेरी गाठ."

"काल सासूला भेटलीस तू?"

झान्साया तिच्याकडे बघतच राहिली. "मी सून आहे, आपा. सून कशी भेटेल? दारातून वाकून सलाम केला, चहा पुढे सरकवला आणि पुन्हा कढईपाशी. दिवसभर तीनशे लोक येऊन गेले."

"म्हणजे हातभर अंतरावरूनच?"

"हातभर. नेहमीसारखं."

बाहेर कुआन्दिकने पिशवीची चेन ओढली. उल्मेकेन वळली. पायाखालची फरशी पुन्हा बससारखी हलू लागल्यासारखं तिला वाटलं. फोन कुआन्दिककडे होता, आणि कुआन्दिक काल आईला नक्कीच उराउरी भेटला होता.

३

"ताईत दे इकडे," उल्मेकेन म्हणाली.

"गळ्यातून काढणार नाही."

"नको काढूस. मीच वाकते."

लाल दोरा मळून काळपट झाला होता, कडेचं चामडं घासून चकचकीत झालं होतं. कुणी टाका उसवून पुन्हा घातला असता तर तिथं दोरा तरी नवा दिसला असता किंवा चामड्याला दुसरं भोक पडलं असतं.

"हा महिनोन्महिने कुणी उघडलेला नाही."

"मग जादू झाली का?" कुआन्दिक म्हणाला. "तिचंच दुकान, तिचंच नाव. घरी बसून ओढले असतील पैसे फोनवरून. आजकाल सगळं होतं."

"घरी बसून होत नाही, बाळा. माझ्या गळ्यात चार वर्षं ते यंत्र होतं. दोन बोटांच्या आत कार्ड आलं तरच ते घेतं. पण त्या दोन बोटांत चामडं असो, कापड असो, त्याला फिकीर नाही. एकदा गर्दीत एका बाईवर आदळले तर तिच्या कोटाआडच्या कार्डावर तिकीट फाटलं. तिने आधीच रोख दिलेले. मला छत्री मारली तिने." उल्मेकेनने कागदावर बोट ठेवलं. "दहा बावीसला बाल्किया कुठे होती?"

"इथंच. पहिले पाहुणे आले होते."

"बारा चाळीसला?"

"माझ्याकडे जेवायला," शारिपा म्हणाली.

"तीन पंधराला?"

"खाली अंगणातल्या तंबूत. सगळा मोहल्ला होता."

"आणि झान्साया तिन्ही वेळा कढईपाशी. तीनशे लोक साक्षीला आहेत. कुआन्दिक, तू कुठे होतास?"

कुआन्दिकचा चेहरा उतरला. "सकाळी आईला भेटलो आणि कामावर गेलो. बंदरावर सुट्टी नसते. गेटवरच्या वहीत बघा." मग एकदम उसळून म्हणाला, "आमच्यावरच काय? शारिपा आपांना विचारा! त्यांचंही कार्ड छातीशीच असतं. त्याही तेवढ्यांनाच भेटल्या. त्यांचा एक तेंगे गेला नाही. कसा?"

"अरे मेल्या!" शारिपा उठलीच. "माझे गेले नाहीत म्हणून मी चोर?"

"थांब," उल्मेकेन म्हणाली. "काल काय घातलं होतंस?"

"आजीचा छातीवरचा चांदीचा पत्रा. सणाला तोच घालते. कार्ड त्याच्या मागच्या खिशात."

उल्मेकेनचे पाय थांबले. आल्यापासून पहिल्यांदाच. बसमध्ये असे अंगभर दागिने घालून कुणी म्हातारी चढली, की यंत्राला कार्ड सापडायचंच नाही, पाकीट बाहेर काढायला लावावं लागायचं. धातूच्या आडून त्याला ऐकूच येत नाही.

"म्हणजे कुणीतरी छातीला छाती लावून पैसे काढतंय," ती हळू म्हणाली. "चांदीपुढे त्याचं चाललं नाही. चामड्यापुढे चाललं. बाल्किया, काल कुणाकुणाला भेटलीस ते सांग."

"तीनशे लोक सांगू?"

"तिन्ही ठिकाणी भेटले तेवढेच सांग."

"वेडी आहेस का? कोरिसूला एका माणसाला एकदाच भेटतात. एकदा भेटलं की पुढच्या वर्षी." बाल्किया बोलता बोलता अडखळली. मग तिच्या तोंडावर काल संध्याकाळची माया परत आली. "फक्त आपला मेइर्खान. म्हाताऱ्याच्या बहिणीचा मुलगा. त्याने कमाल केली. सकाळी स्वतःतर्फे भेटला. शारिपाकडे म्हणाला, ही आईतर्फे. तंबूत म्हणाला, ही सैन्यातल्या भावातर्फे. आधी हात काळजावर ठेवायचा, मान लववायचा, मग असा घट्ट धरायचा! त्याचं काळीज कसं पाखरासारखं फडफडत होतं. मी म्हटलं, एवढी माया आजकाल कुणाच्या पोटात असते?"

 खिडकीची काच किणकिणत राहिली.

"काळीज धडधडतं, बाल्किया," उल्मेकेन म्हणाली. "ते थरथरत नाही." ती कुआन्दिककडे वळली. "बायकोचा जुना फोन कुणाला दिलास?"

कुआन्दिकच्या हातातून पिशवी गळून पडली.

"मेइर्खानला. काच बसवून आणतो म्हणाला. मग म्हणाला, दुरुस्त होत नाही, टाकून दिला. फोन उघडायचा खूण-आकडाही मीच सांगितला होता. दुकानाचं खातंही त्यातच उघडतं, तिथून पैसे कुठेही वळवता येतात." त्याने घड्याळ पाहिलं. "झान्सायाला पोचवायला तोच गाडी घेऊन येतोय."

४

मेइर्खान साडेचारलाच आला. खालून त्याच्या गाडीचं दार वाजलं तेव्हा उल्मेकेनने आपलं कार्ड जाकिटाच्या छातीवरच्या खिशात सरकवलं आणि फोन शारिपाच्या हातात कोंबला.

"वाजला तर मोठ्याने वाच. तोवर तोंड उघडू नकोस."

"तोंड न उघडता वाचू कशी?"

"शारिपा!"

"बरं बरं."

कुआन्दिक दात आवळून भिंतीकडे तोंड करून उभा होता. तो मध्येच झेपावेल अशी उल्मेकेनला धास्ती होती. त्याहून मोठी धास्ती दुसरीच होती. नौरीझपर्यंत, म्हणजे वसंतातल्या नव्या वर्षाच्या सणापर्यंत, भेटीगाठी चालतात खऱ्या. पण फोन आज त्याच्या खिशात असेल की नाही? नसेल तर तो सुनेला गाडीत घालून घेऊन जाईल, आणि म्हाताऱ्या बाईच्या तर्काला कोण विचारतं?

मेइर्खान आत आला. तिशीचा, गोरटेला, जाड जाकिटाच्या छातीवरच्या डाव्या खिशाला फुगवटा.

"मामी, मन घट्ट करा," तो बाल्कियाला म्हणाला. "घरात असं निघावं म्हणजे वाईटच. मी नेतो वहिनीला, रस्त्यात चार शब्द समजावतो." मग त्याचं लक्ष गेलं. "अरे, उल्मेकेन आपा! काल दिसला नाहीत."

"म्हाताऱ्यांना कोण बघतं? ये, भेट."

तो आला, दोन्ही हात पसरून भेटला.  जाकिटातून काहीतरी कडक टोचलं, पण थरथरलं नाही. शारिपाच्या हातातला फोन गप्प होता. मेइर्खान मागे सरकला. त्याने हात काळजावर ठेवलाच नव्हता.

 उल्मेकेनने आपल्या छातीवरचा खिसा थोपटला.

"बरं झालं भेटलास. आजच पेन्शन जमा झाली, जीव धाकात असतो. बाल्कियाचं असं झाल्यापासून कार्ड इथंच ठेवते, कुणी हात घालेल तर कळेल तरी. तुझी आई कशी आहे? माझ्याच बसने कामाला जायची ती. एक दिवस तिकीट चुकवलं नाही."

मेइर्खानची नजर खिशावर क्षणभर थांबली.

"आई तुमची फार आठवण काढते," तो म्हणाला. "तिच्यातर्फे पण भेटू द्या, आपा." त्याने मान लववली, उजवा हात काळजावर नेला, जाकिटाच्या आत क्षणभर रेंगाळू दिला, आणि मग तिला घट्ट छातीशी धरलं.

त्याचं काळीज पाखरासारखं फडफडलं.

टिंग.

"एकोणीस हजार नऊशे तेंगे खर्च झाले," शारिपा ओरडली. "कुठे, तर झान्सायाचे बौरसाक!"

सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या. झान्साया तिथं उभी होती. एका हातावर पोर, दुसऱ्या हातात दुधाची बाटली.

५

उल्मेकेनने मिठी सोडली नव्हती. बसमधले चोर ती अशीच धरायची, दोन्ही हात मागे गुंफून.

"कुआन्दिक, डावा खिसा."

फुटक्या काचेचा फोन बाहेर आला. पडद्यावर हिरवी खूण अजून चमकत होती. त्याच वेळी मेइर्खानने हिसडा देऊन स्वतःला सोडवून घेतलं, पण पळायला वाट नव्हती. दारात शारिपा होती, आणि शारिपा अंगाने दारापेक्षा कमी नव्हती.

"एवढं काय झालं?" तो म्हणाला. आवाज चढला होता. "मी भाचा आहे या घरचा! आजोळी भाच्याने काही उचललं तर त्याला चोरी म्हणतात का? तुमचीच रीत आहे ना, भाच्याला नाही म्हणायचं नाही?"

"आणि मी?" उल्मेकेन म्हणाली. "माझा कधीपासून भाचा झालास? मोहल्ल्यात आणखी किती मामी केल्यास काल?"

बाल्किया उठली. गुडघ्यांवर हात देऊन, सावकाश. ती त्याच्यासमोर उभी राहिली तेव्हा तो तिच्याहून दीड वीत उंच होता, तरी त्यालाच मान खाली घालावी लागली.

"भाचा मागतो, मेइर्खान. हात पुढे करून, तोंडाने मागतो. तू मागितले असतेस तर मी दगड पुढच्या वर्षी उभा केला असता. म्हातारा रागावला नसता." तिने ताईत मुठीत धरला. "तू माझ्या गळ्यात पडलास. तुझ्या मामाचं नाव घेऊन मी तुझ्या खांद्यावर रडले. आणि तू या पोरीला चोर ठरवून स्वतःच्या गाडीतून पोचवायला आलास?"

 मोहल्ल्याचा पोलीस येईपर्यंत मेइर्खान जिन्यात बसून राहिला, आणि शारिपा त्याच्या वरच्या पायरीवर बसून एकेका घरी फोन लावत होती. "कार्ड कुठे ठेवतेस गं? छातीशी? मग बँकेत विचार. आत्ता विचार!" पाच वाजेपर्यंत पैसे गेलेली सात घरं निघाली.

आत उल्मेकेन कुआन्दिकच्या फोनशी झटत होती.

"हे बघ. आधी हा फोन आईच्या कार्डाला जोड. एक तेंगे हलला तरी टिंग वाजलं पाहिजे. मग ही मर्यादा. एवढी कशाला हवी तिला? भाकरी-दुधापुरती ठेव. त्याच्या वर पिन. नाहीतर टेकवून द्यायचं बंदच करून टाक. आणि जुना फोन कुणाच्या हातात द्यायचा तर आधी तो कोरा करायचा, खूण-आकडा सांगायचा नाही. भावालासुद्धा."

"आणि कार्ड ठेवायचं कुठे?" बाल्कियाने विचारलं. "चांदी माझ्याकडे नाही."

"चहाचा पत्र्याचा डबा आहे ना? त्यात ठेव. भेटणारा कितीही मायेचा असो, पत्र्यातून त्याला काही मिळत नाही."

बाल्किया हसली नाही. ती झान्सायाकडे बघत होती. मग तिने दोन्ही हात पसरले. सासूने सुनेपुढे असे हात पसरलेले त्या घरात कुणी पाहिले नव्हते.

झान्साया जागची हलली नाही.

"आधी ते गळ्यातलं काढा, आपा," ती म्हणाली. "ते असताना मला तुमच्याजवळ यायचं नाही. उद्या आणखी काही गेलं तर?"

बाल्कियाचे हात खाली आले. तिने ताईत गळ्यातून काढला, शिवणीवर नख लावलं, ओढून पाहिलं, मग दात लावले. लाल दोरा जागचा हलेना. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं ते दोऱ्यामुळे की कशामुळे, हे उल्मेकेनने विचारलं नाही.

झान्सायाने पोरीला नवऱ्याच्या हातात दिलं. "आणि ती पिशवी तुम्ही भरलीत ना? तुम्हीच रिकामी करा. घड्या घालून." मग फडताळातून कात्री घेतली आणि सासूसमोर, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्या जवळ, खाली बसली.

"केवढं घट्ट शिवलंयस गं," बाल्किया म्हणाली.

"उसवू नये म्हणूनच शिवलं होतं," झान्साया म्हणाली आणि तिने पहिला टाका कापला.